बारकोड, भ्रमणध्वनी आणि आपल्या ताटातील अन्न



गेल्या चातुर्मासात एके दिवशी सायंकाळच्या आरतीनंतर आमचे एक ज्येष्ठ सभासद ओट्सच्या बिस्किटांचा पुडा घेऊन सभागृहात आले. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. नातवाने भ्रमणध्वनीवरील एका ॲपने पुड्यावरचा बारकोड वाचला, तेव्हा पडद्यावर हिरवा रंग उमटला होता. त्या भरवशावर ते रोज दोन्ही वेळच्या चहाबरोबर पाच-पाच बिस्किटे घेत होते. सभागृहात दुसऱ्या एका सभासदांच्या कन्येने आपल्या भ्रमणध्वनीवरील निराळ्या ॲपने तोच पुडा तपासला, तर नारिंगी रंग दिसला. "आता खरे कोणाचे मानायचे?" असा प्रश्न त्या आजोबांनी आम्हांस विचारला.

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नाही. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पथ्य सांभाळावे लागते, आणि त्याच घरांत वेष्टनबंद पदार्थही रोज येत असतात. म्हणून या ॲपचे कार्य कसे चालते, त्यावर कितपत विसंबावे व कोठे थांबावे, याविषयीची माहिती भाविकांच्या उपयोगासाठी येथे देत आहोत.

बारकोड म्हणजे काय?

वेष्टनावरील काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांची पट्टी म्हणजे बारकोड होय. अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांनी या कल्पनेसाठी १९४९ मध्ये एकस्वाचा अर्ज केला व १९५२ मध्ये त्यांना ते मिळाले. प्रत्यक्ष दुकानात मात्र ही पट्टी पुष्कळ उशिरा आली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी एका दुकानात च्युइंगमचे पाकीट यंत्रापुढे धरण्यात आले. आज सर्वत्र वापरात असलेल्या पद्धतीची ती पहिली विक्री मानली जाते.

या पट्टीत पदार्थाचे घटक, साखर, मीठ यांपैकी काहीही लिहिलेले नसते. तेथे केवळ एक क्रमांक असतो. आपल्याकडील बहुतेक वेष्टनांवर हा क्रमांक तेरा अंकी असतो व रेघांखाली तो छापलेलाही असतो. सुरुवातीचे ८९० हे अंक जीएसवन इंडिया या संस्थेने तो क्रमांक दिल्याचे दर्शवितात. पदार्थ भारतातच तयार झाला असा त्याचा अर्थ होत नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. त्यापुढील अंक कंपनी व वस्तू यांची ओळख सांगतात, तर शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो.

पडताळणीची रीत सोपी आहे. ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक नमुन्यादाखल घेऊ. पहिल्या बारा अंकांपैकी विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २८ होते. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ३४, तिला तिनाने गुणल्यावर १०२. दोन्ही मिळून १३०. ही संख्या दहाच्या पटीत असल्याने शेवटचा अंक शून्य येतो. कॅमेऱ्याने एखादा अंक चुकीचा वाचल्यास हे गणित जुळत नाही व ॲप पट्टी पुन्हा दाखवावयास सांगते.

मोठ्या दुकानांत मिठाई, फळे वा भाजी तोलून देताना चिकटवलेल्या पट्टीवरील क्रमांक बहुधा २ या अंकाने सुरू होतो. तो त्या दुकानाच्या अंतर्गत हिशेबापुरता असल्याने कोणत्याही ॲपला त्यावरून माहिती मिळत नाही.

ॲप नेमके काय करते?

कॅमेरा रेघांवरून क्रमांक वाचतो. ॲप तो क्रमांक महाजालावरून आपल्या माहितीसाठ्याकडे पाठविते. त्या क्रमांकाची नोंद तेथे असल्यास पदार्थाचे नाव, घटक व पोषणमूल्ये परत येतात, आणि ॲप स्वतःच्या मापाने गुण, अक्षर वा रंग दाखविते. सारांश, ॲपला तेवढेच ठाऊक असते जेवढे कोणी तरी त्या साठ्यात आधी लिहून ठेवलेले आहे.

हे काम फ्रान्समध्ये मोठ्या प्रमाणावर रुजले. तेथे २०१२ मध्ये स्तेफान जिगांदे यांनी ओपन फूड फॅक्ट्स हा ना-नफा प्रकल्प सुरू केला. जगभरातील स्वयंसेवक आपल्या हाती आलेल्या वेष्टनांची छायाचित्रे व माहिती त्यात भरतात आणि कोणासही ती विनामूल्य वापरता येते. तेथेच २०१७ मध्ये युका हे ॲप लोकांपुढे आले. आरंभी त्याने ओपन फूड फॅक्ट्सचाच साठा वापरला व पुढे स्वतःचा साठा उभारला. लोक दुकानात उभे राहून वस्तू तपासू लागले, त्याचा परिणाम उत्पादकांवरही झाला. २०१९ मध्ये इंटरमार्शे या फ्रान्समधील मोठ्या दुकानसाखळीने आपल्या सुमारे ९०० पदार्थांच्या कृती बदलून १४२ मिश्रके काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. ग्राहकाच्या जागरूकतेत केवढी शक्ती असते, हे यावरून ध्यानात येते.

गुण कसे दिले जातात?

आजोबांच्या पुड्याला दोन रंग का मिळाले, याचे उत्तर येथे आहे. सध्या तीन मापे विशेष प्रचारात आहेत.

पहिले माप न्यूट्री-स्कोर. फ्रान्सने २०१७ मध्ये ते स्वीकारले. १०० ग्रॅम वा १०० मिलिलिटर पदार्थातील ऊर्जा, साखर, संपृक्त चरबी व मीठ यांसाठी उणे बाजू धरली जाते. तंतुमय अंश, प्रथिने, फळे, भाज्या व कडधान्ये यांसाठी अधिक बाजू धरली जाते. त्यातून एपासून ईपर्यंत अक्षर ठरते.

दुसरे माप नोव्हा. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो व त्यांचे सहकारी यांनी ते मांडले. त्यात अन्नाचे चार गट आहेत: मूळ रूपातील वा किंचित प्रक्रिया केलेले अन्न; तेल, मीठ, साखर यांसारखे स्वयंपाकाचे जिन्नस; प्रक्रिया केलेले अन्न; आणि कारखान्यात अनेक औद्योगिक घटकांपासून तयार केलेले अतिप्रक्रियायुक्त अन्न. येथे साखर किती यापेक्षा पदार्थ कसा तयार झाला यास महत्त्व आहे.

तिसरे माप युकाचे. त्यात शंभरपैकी ६० गुण पोषणमूल्यांस, ३० मिश्रकांस व १० सेंद्रिय प्रमाणपत्रास दिलेले आहेत. ॲपच्या मते अति धोकादायक असे एखादे मिश्रक आढळल्यास एकूण गुण ४९ च्या वर जाऊ दिले जात नाहीत.

माप बदलले की निकाल बदलतो. इतकेच नव्हे, तर एकच मापही काळानुसार सुधारले जाते. न्यूट्री-स्कोरची रीत २०२३ मध्ये सुधारण्यात आली, तेव्हा ऑलिव्ह तेल सी या श्रेणीतून बी या श्रेणीत चढले. कृत्रिम गोडी घातलेल्या साखरविरहित शीतपेयांची श्रेणी मात्र खालावली. बाटलीतील तेल व पेय होते तसेच होते. त्यांकडे पाहण्याची तज्ज्ञांची दृष्टी अधिक ज्ञानाने बदलली. त्यामुळे पडद्यावरील रंग म्हणजे अंतिम निकाल न समजता एका विशिष्ट मापाने दिलेले मत समजावे, अशी आमची विनंती आहे.

आपल्या देशातील वेष्टनावर काय असते?

परदेशी मापांची ही माहिती पाहिल्यावर आता आपल्या हातातील पुड्याकडे वळू. भारतात वेष्टनावरील मजकुराचे नियम भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण ठरविते. २०२० च्या नियमांनुसार पुढील गोष्टी वेष्टनावर पाहावयास मिळतात.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. जो घटक सर्वांत जास्त, तो सर्वप्रथम. पुढील बाजूस मोठ्या अक्षरांत ज्या घटकाचा गौरव केलेला असतो, त्याचे प्रमाण यादीत टक्क्यांत द्यावे लागते.

मिश्रके बहुधा आयएनएस क्रमांकाने लिहिलेली असतात. प्रत्येक क्रमांकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. ३३० म्हणजे लिंबात असणारे सायट्रिक आम्ल, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ५०० या गटात खाण्याचा सोडा येतो. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट हे परिरक्षक, १०२ म्हणजे टार्ट्राझिन हा पिवळा रंग, तर ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅम वा १०० मिलिलिटरमागे ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण व वरून घातलेली साखर, चरबी व सोडियम यांचे आकडे असतात. सोडियमच्या आकड्यास अडीचने गुणिले की मिठाचे प्रमाण कळते. समजा, एखाद्या फरसाणात १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर त्यात २ ग्रॅम मीठ झाले. दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम सांगितलेली आहे. वाटीभर म्हणजे ५० ग्रॅम फरसाणातच तिचा पाचवा हिस्सा संपतो.

साखरेबाबत विशेष सावधगिरी हवी. वेष्टनावर दिवसाच्या गरजेची टक्केवारी काढताना वरून घातलेल्या साखरेसाठी ५० ग्रॅम हा आधार धरला जातो. मात्र आमच्या हैदराबाद शहरातील तार्नाका भागात असलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी १७ आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे सांगितले आहे. म्हणजे ज्या सरबताच्या बाटलीवर "५० टक्के" असे दिसते, त्यात या सल्ल्याप्रमाणे संपूर्ण दिवसाची साखर आलेली असते. याच आहारसूत्रांतील शेवटचे, सतरावे सूत्र वेष्टनावरील मजकूर वाचून अन्नाची निवड करावी असे आहे, ही गोष्ट उल्लेखनीय वाटते.

हिरव्या खुणेविषयीही दोन शब्द. चौकटीतील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. तो आरोग्यास हितकर असल्याचे सांगत नाही. तळलेली शेव, साखरेचा पाक व शीतपेय या सर्वांवर तो असू शकतो. तीच गोष्ट "उपवासाचा" या शब्दाची. त्यावरून कोणती धान्ये वर्ज्य केली आहेत हे कळते. तेल व मीठ किती हे तक्ता पाहिल्याखेरीज कळत नाही. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच होय, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी सैंधव घातलेला चिवडा निर्धास्तपणे खाऊ नये.

वेष्टनाच्या पुढील बाजूस सहज समजेल असे चिन्ह असावे, याविषयी आपल्या देशातही विचार चालू झाला. प्राधिकरणाने २०२२ मध्ये ताऱ्यांच्या श्रेणीचा मसुदा प्रसिद्ध केला होता व २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या विषयात लक्ष घातले. चिन्ह कोणतेही आले तरी मागील बाजू वाचण्याची सवय उपयोगीच पडेल.

ॲपला काय ठाऊक नसते?

पहिली गोष्ट, नोंद जुनी वा अपुरी असू शकते. घटकांत लहान फेरबदल झाला तरी पुष्कळदा क्रमांक तोच राहतो, आणि एकाच नावाचा पदार्थ निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या कृतीने तयार होतो.

दुसरी गोष्ट, आपण किती खातो हे ॲपला कळत नाही. त्याचे गुण १०० ग्रॅमचे असतात. आपला हात मात्र पुडा संपेपर्यंत थांबतोच असे नाही.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, खाणाऱ्याची प्रकृती सर्वसाधारण मापात मोजलेली नसते. उदाहरणार्थ, कमी सोडियमचे मीठ. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मिश्रकांच्या यादीत त्याचा क्रमांक ५०८ आहे. रक्तदाब असलेल्या अनेकांना असे मीठ उपयोगी पडू शकते. परंतु मूत्रपिंड नीट काम करीत नसल्यास रक्तात पोटॅशियम साचून हृदयाच्या ठोक्यांवर गंभीर परिणाम होऊ शकतो. रक्तदाबाची काही औषधेही पोटॅशियम वाढवितात. अशा रुग्णाने "सोडियम कमी" एवढ्यावरून निवड केली, तर जिवावर बेतू शकते. येथे डॉक्टरांचा सल्ला हाच प्रमाण मानावा.

आता आजोबांच्या पुड्याकडे परत येऊ. आम्ही सर्वांनी मिळून चष्मे लावून मागील बाजू वाचली. यादीत प्रथम मैदा, मग तेल, मग ओट्स १४ टक्के, मग गव्हाचा कोंडा. १०० ग्रॅममागे साखर ९ ग्रॅम, तंतुमय अंश ८ ग्रॅम, परंतु कर्बोदके ६६ ग्रॅम व ऊर्जा सुमारे ४५० किलोकॅलरी. पहिल्या ॲपने कमी साखर व कोंड्याचे तंतू पाहून हिरवा रंग दिला होता. त्याच्या मापात मैद्यातील पिष्टाची गणनाच नव्हती. दुसऱ्या ॲपने मिश्रके व प्रक्रिया पाहून नारिंगी रंग दाखविला होता. दोन्ही आपापल्या मापाने बरोबर होती. एकेक बिस्कीट १० ग्रॅमचे, दिवसाला दहा. म्हणजे जेवणाव्यतिरिक्त ६६ ग्रॅम कर्बोदके रोज पोटात जात होती. मधुमेह असलेल्या माणसासाठी खरा आकडा हा होता, आणि तो कोणत्याच रंगात दिसत नव्हता. आजोबांनी तो पुडा आपल्या डॉक्टरांना दाखविला व त्यांच्या सल्ल्याने बिस्किटे कमी केली.

खरेदीच्या वेळी पुढील क्रम ठेवावा

१. प्रथम ॲपने बारकोड वाचावा. पडद्यावरील नाव, वजन व छायाचित्र हातातील पुड्याशी जुळते का, ते पाहावे.

२. घटकांच्या यादीतील पहिले तीन घटक वाचावेत. साखर ही ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, गूळ, मध अशा अनेक नावांनी येते. वेगवेगळ्या नावांनी विभागली गेल्यास ती यादीत खाली दिसते, हे लक्षात असू द्यावे.

३. तक्त्यातील १०० ग्रॅमचा आकडा पाहून आपण प्रत्यक्ष जेवढे खातो तेवढ्याचा हिशेब करावा. "एका वाढीमागे" दिलेली वाढ बहुधा आपल्या वाटीपेक्षा लहान असते.

४. तुलना एकाच प्रकारच्या दोन पदार्थांत करावी. बिस्किटांची बिस्किटांशी, दह्याची दह्याशी. ॲपचा खरा उपयोग येथे होतो.

५. आपल्या विकाराशी संबंधित आकडा निश्चित करून घ्यावा: मधुमेहास कर्बोदके व साखर, रक्तदाबास सोडियम, मूत्रपिंडाच्या विकारास डॉक्टर सांगतील ते. शेंगदाणे, दूध, गहू इत्यादींची वावडी असणाऱ्यांनी वेष्टनावरील सूचना स्वतः वाचाव्यात. ॲपवर विसंबू नये.

६. ॲप घेताना ते कॅमेऱ्याखेरीज कशाची अनुमती मागते व त्याचे उत्पन्न कोठून येते, हे पाहावे. बारकोड वाचण्यासाठी आपल्या संपर्कयादीची आवश्यकता नसते. ॲप स्वतःच एखादी वस्तू विकत असल्यास त्याचे मत त्या दृष्टीने तोलावे.

अक्षरे बारीक असल्यास भ्रमणध्वनीने छायाचित्र काढून मोठे करून वाचता येते. घरातील मुलामुलींनी हे काम आजी-आजोबांसाठी आवर्जून करावे. त्यात पाच मिनिटे जातात, पण वडीलधाऱ्यांचे पथ्य सांभाळले जाते आणि मुलांनाही अन्नाची पारख येते.

अखेरीस एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. सुलतान बाजार वा काचीगुडा भागातील किराणा दुकानांत सुटी मिळणारी ज्वारी, तूरडाळ, मूग, तसेच मंडईतील पालक, भोपळा, पेरू यांवर बारकोड नसतो, आणि नोव्हाच्या मापाने ते पहिल्याच गटात येतात. घरच्या भाकरीस, आमटीस व भाजीस कोणतेही ॲप गुण देणार नाही. तरीही ताटाचा मोठा भाग त्यांनीच भरलेला असावा आणि वेष्टनबंद पदार्थांसाठी थोडीच जागा उरावी, हे हिताचे होय. जेवढी जागा उरेल, तेवढ्यापुरता भ्रमणध्वनीचा उपयोग अवश्य करावा, आणि त्यानंतर पुडा उलटून मागील बाजू स्वतः वाचावी.

सर्व भाविकांनी ही माहिती आपल्या घरी व शेजारी सांगावी, अशी नम्र विनंती. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.